नियंत्रित औषधांची निर्मिती आणि विक्री: परवान्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिकल दुकानदार, होलसेलर, छोट्या रुग्णालयांचे डॉक्टर, एमआयडीसीतले उत्पादक आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर महाराष्ट्रावर असला तरी बहुतेक नियम देशभर सारखे आहेत. परवाना देणारं कार्यालय तेवढं राज्यागणिक बदलतं.

१. ‘नियंत्रित औषधं’ म्हणजे नक्की कोणती?

इथेच निम्मा गोंधळ आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या विषयात दोन कायदे एकाच वेळी चालतात.

पहिला औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० आणि त्याखालचे १९४५चे नियम. यात औषधांच्या याद्या आहेत, त्यांना आपण शेड्यूल म्हणतो. शेड्यूल एच म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशी औषधं. एच-१ ही त्याहून कडक यादी, ती १ मार्च २०१४पासून लागू झाली. शेड्यूल एक्स सगळ्यांत कडक: केटामाइन, मिथाइलफेनिडेट, अॅम्फेटामाइन, पेन्टोबार्बिटल वगैरे.

दुसरा कायदा १९८५चा. त्याचं मराठी नाव ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ असं आहे. ते एका दमात कुणालाच म्हणता येत नाही, म्हणून पोलिसांपासून वकिलांपर्यंत सगळे ‘एनडीपीएस’च म्हणतात. मॉर्फिन, फेंटानिल, कोडीन यात ‘गुंगीकारक’ म्हणून येतात. अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रामाडॉल, केटामाइन ‘मनोव्यापारांवर परिणाम करणारे’ म्हणून येतात.

एकच औषध दोन्हीकडे असू शकतं. अल्प्राझोलाम एच-१मध्येही आहे आणि एनडीपीएसमध्येही. केटामाइन शेड्यूल एक्समध्येही आहे आणि एनडीपीएसमध्येही. त्यामुळे ‘आमच्याकडे ड्रग लायसन्स आहे, एनडीपीएसशी आमचा काय संबंध’ हे वाक्य कुणीही बोलू नये.

आणखी एक मेख आहे. एनडीपीएस कायद्यात ‘नियंत्रित पदार्थ’ हा शब्द औषधांसाठी वापरलेलाच नाही. तिथे त्याचा अर्थ अंमली पदार्थ बनवायला लागणारी रसायनं. त्यासाठी प्रश्न १५ पाहा.

२. परवाना केंद्र सरकार देतं की राज्य?

दुकान, होलसेल आणि बहुतेक कारखान्यांचा औषध परवाना राज्य देतं. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे एफडीएचं. मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, पण दुकानदाराचा संबंध जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांशी (औषधे) येतो. गोव्यात हेच काम बांबोळीचं अन्न व औषध प्रशासन संचालनालय करतं.

अफू आणि तिच्यापासून निघणाऱ्या द्रव्यांचा मूळ पुरवठा मात्र केंद्राच्या हातात आहे. तो ग्वाल्हेरला बसणारे नार्कोटिक्स आयुक्त पाहतात.

३. माझ्याकडे मेडिकल दुकानाचा, म्हणजे फॉर्म २० आणि २१चा परवाना आहे. त्यात काय काय विकता येतं?

शेड्यूल एच आणि एच-१ची औषधं विकता येतात. त्यात एनडीपीएसमधली अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल, झोल्पिडेम यांसारखी औषधंही आली. त्यांच्यासाठी दुकानदाराला एनडीपीएसचा निराळा परवाना लागत नाही, कारण एनडीपीएस नियमांनीच या औषधांच्या विक्रीसाठी १९४५च्या नियमांकडे बोट दाखवलं आहे.

शेड्यूल एक्स मात्र विकता येत नाही. त्यासाठी फॉर्म २०-एफचा स्वतंत्र परवाना हवा. लहान मुलांच्या अवधानाच्या त्रासासाठी मिथाइलफेनिडेट लिहून दिलेले पालक दुकानामागून दुकानं फिरतात ते यामुळेच. एखाद्या शहरात २०-एफ असलेली दुकानं बोटांवर मोजण्याइतकी असतात.

वेष्टनावरची खूण पाहायची सवय लावून घ्या. नुसतं ‘आरएक्स’ असेल तर शेड्यूल एच, तांबड्या अक्षरांत ‘एनआरएक्स’ असेल तर एनडीपीएसमधलं औषध आणि तांबड्या अक्षरांत ‘एक्सआरएक्स’ असेल तर शेड्यूल एक्स.

४. २०-एफ मिळवायला काय लागतं?

अर्ज फॉर्म १९-सीमध्ये करायचा. जागा, नोंदणीकृत फार्मासिस्ट, फ्रिज या अटी साध्या मेडिकलसारख्याच आहेत. किरकोळ विक्रीला किमान १० चौरस मीटर जागा लागते. किरकोळ आणि होलसेल एकाच जागेत असेल तर १५ चौरस मीटर.

खरा फरक साठवणुकीत आहे. शेड्यूल एक्सचा माल फक्त त्याच्यासाठीच राखलेल्या कुलूपबंद कपाटात किंवा खणात ठेवावा लागतो. नाहीतर दुकानाचा असा वेगळा भाग हवा की जिथे फक्त जबाबदार माणसंच जाऊ शकतात. ‘त्याच्यासाठीच’ हा शब्द गांभीर्याने घ्या. कपाटात एका बाजूला केटामाइन आणि दुसऱ्या बाजूला दुकानाची चेकबुकं असली तर निरीक्षक तेवढ्यावरूनही शेरा मारतात.

दुसऱ्याच्या फार्मसीच्या सर्टिफिकेटवर दुकान चालवणाऱ्यांनी २०-एफच्या नादी लागूच नये. शेड्यूल एक्सच्या रजिस्टरात प्रत्येक विक्रीपुढे ज्याच्या देखरेखीखाली माल दिला त्याची सही लागते. महिन्यातून एकदा येऊन तीस सह्या करणाऱ्या फार्मासिस्टची शाई सगळीकडे एकसारखी दिसते.

५. शेड्यूल एक्स आणि एच-१ यांच्या नोंदींत फरक काय?

शेड्यूल एक्ससाठी चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत दुकानात राहते आणि २ वर्षं जपावी लागते. रजिस्टर बांधीव आणि पानांवर क्रमांक असलेलं हवं. प्रत्येक औषधाला स्वतंत्र पानं द्यायची. त्यात माल कुणाकडून आला, त्याचा परवाना क्रमांक, बॅच, उत्पादक, रुग्णाचं नाव-पत्ता, चिठ्ठीचा संदर्भ, बिल क्रमांक आणि सही असं सगळं येतं.

एच-१ला चिठ्ठीची दुसरी प्रत लागत नाही. पण वेगळं रजिस्टर लागतंच. डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं, एवढं लिहायचं आणि ते ३ वर्षं ठेवायचं. एच-१मध्ये झोपेच्या गोळ्यांबरोबर कितीतरी अँटिबायोटिक्स आणि क्षयाची औषधं आहेत. बरेच दुकानदार फक्त झोपेच्या गोळ्यांची नोंद करतात आणि अँटिबायोटिक्स विसरतात. तपासणीत पकडलं जातं ते हेच.

६. तोच रुग्ण जुनी चिठ्ठी घेऊन पुन्हा आला तर?

‘पुन्हा द्यावे’ असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध देता येतं. किती वेळा किंवा किती दिवसांनी हे लिहिलं असेल तर तेवढंच. माल दिला की चिठ्ठीवर दुकानाचं नाव-पत्ता आणि तारीख टाकायची, म्हणजे पुढच्या दुकानदाराला कळतं. शिक्का मारलेली चिठ्ठी पाहून गिऱ्हाईक चिडतं. चिडू द्या.

७. लिहिलेला ब्रँड नसेल तर त्याच औषधाचा दुसरा ब्रँड देऊ का?

शेड्यूल एच, एच-१ आणि एक्समध्ये नाही. घटक तोच असला तरी डॉक्टरांना फोन करून चिठ्ठी बदलून घ्या. जेनेरिकचा प्रचार एकीकडे आणि हा नियम दुसरीकडे, ही विसंगती आहे खरी. पण नियम आज असाच आहे.

८. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर डॉक्टरांनी पाठवलेल्या चिठ्ठीवर ही औषधं घरपोच देता येतात का?

मार्च २०२०मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत शेड्यूल एक्स आणि एनडीपीएसमधली औषधं दूरस्थ सल्ल्यावर लिहून देण्याची डॉक्टरांना मनाई आहे. त्याच महिन्यात केंद्राने घरपोच औषधांना वाट करून दिली, पण गुंगीकारक, मनोव्यापारांवर परिणाम करणारी आणि शेड्यूल एक्सची औषधं त्यातून वगळली. म्हणजे व्हिडिओ कॉलवर लिहिलेली अल्प्राझोलामची चिठ्ठी आली तर ती परत पाठवायची.

९. होलसेलरला कोणते परवाने लागतात आणि तो कुणाला माल देऊ शकतो?

सर्वसाधारण औषधांना फॉर्म २०-बी, लसी-सीरमसारख्या जैविक मालाला २१-बी आणि शेड्यूल एक्सला २०-जी. होलसेलला फार्मासिस्टच हवा असं नाही. दहावी आणि ४ वर्षांचा अनुभव, किंवा पदवी आणि १ वर्षाचा अनुभव असलेली सक्षम व्यक्तीही चालते.

माल परवानाधारक दुकानाला, किंवा नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय, नर्सिंग होमला देता येतो. डॉक्टर-रुग्णालयांना एच, एच-१ आणि एक्सचा माल देताना सही असलेली लेखी मागणी लागते, ती २ वर्षं ठेवायची. ‘अमुक हॉस्पिटलमधून फोन आला होता’ ही मागणी नव्हे.

राज्याबाहेरही माल जाऊ शकतो. सावंतवाडीच्या स्टॉकिस्टने पणजीच्या दुकानाला माल द्यायचा तर त्याला गोव्याचा परवाना काढावा लागत नाही. समोरच्याच्या परवान्याची प्रत मात्र घ्यावी आणि तो आज चालू आहे ना हे पाहावं. एनडीपीएसच्या मालासोबत पाठवणाऱ्याच्या सहीचा कागद हवाच, त्यावर घेणाऱ्याचं नाव, बॅच आणि मात्रा हवी. गोव्याच्या हद्दीजवळ बांद्याच्या नाक्यावर टेम्पो अडवला गेला तर ड्रायव्हरच्या हातात तेवढंच असतं.

१०. कारखान्याला कोणता परवाना? दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेता येतं का?

साधारण औषधांना फॉर्म २५, जैविक औषधांना २८. शेड्यूल एक्सचं औषध असेल तर फॉर्म २५-एफ, आणि जैविक व शेड्यूल एक्स दोन्हीत मोडणारं असेल तर २८-बी.

शेड्यूल एक्सच्या उत्पादकाला कच्चा माल किती आला, किती वापरला, किती तयार झालं आणि कुठे गेलं याचे वेगवेगळे हिशेब ठेवावे लागतात. दर तीन महिन्यांनी विक्रीचं विवरण परवाना अधिकाऱ्यांना पाठवावं लागतं. माल ज्या राज्यात गेला तिथल्याही. हे दुसरं पत्र हमखास राहून जातं.

दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेण्याचा प्रश्न फार येतो. त्यासाठीचा लोन लायसन्स फॉर्म २५-ए आणि २८-ए मध्ये मिळतो, पण या दोन्हींतून शेड्यूल एक्स वगळलेलं आहे. त्यामुळे स्वतःचा कारखाना नसताना लोन लायसन्सवर केटामाइन इंजेक्शन काढायची योजना पहिल्याच टेबलावर थांबते.

कोडीन, मॉर्फिन यांसारखी द्रव्यं घ्यायची असतील तर राज्याच्या परवान्याशिवाय नार्कोटिक्स आयुक्तांचं वाटपही लागतं. मशीन घेण्याआधी हे पाहा.

११. कोडीनचं खोकल्याचं औषध एनडीपीएसमध्ये येतं की नाही?

हा वकिलांचा आवडता प्रश्न आहे. १४ नोव्हेंबर १९८५च्या केंद्राच्या अधिसूचनेत एक सूट आहे. कोडीन इतर घटकांबरोबर मिसळलेलं असेल, एका मात्रेत १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसेल आणि द्रावणात प्रमाण अडीच टक्क्यांवर जात नसेल, तर उपचारासाठीचं ते औषध ‘उत्पादित गुंगीकारक द्रव्य’ धरलं जात नाही. नेहमीची सिरप या मर्यादेत बसतात.

पण ही सूट उपचाराच्या व्यवहारापुरती आहे. चिठ्ठी, बिल, रजिस्टर यांच्या वाटेने गेलेली बाटली औषध ठरते. कागदाविना गाडीत भरलेल्या पाचशे बाटल्यांना ती सूट दाखवून कोर्टात टिकाव धरणं अवघड जातं. शिवाय कोडीन एच-१मध्ये आहेच, तेव्हा प्रश्न ५ इथेही लागू होतो.

१२. कर्करोगाच्या रुग्णांसाठी आमच्या छोट्या रुग्णालयाला मॉर्फिन ठेवायचं आहे. किती परवाने काढायचे?

पूर्वी हे दुःस्वप्न होतं. प्रत्येक राज्याचे नियम निराळे, एकाच गोळीसाठी चार-पाच परवाने, तेही निरनिराळ्या खात्यांचे आणि निरनिराळ्या मुदतींचे. एक मिळेपर्यंत दुसरा संपायचा आणि रुग्ण वेदनेतच जायचा. २०१४मध्ये कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधं’ ठरली आणि त्यांचे नियम देशभर एकसारखे झाले. मे २०१५मध्ये सविस्तर नियम आले.

आता लागते ती एकच गोष्ट: राज्याच्या औषध नियंत्रकांकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून मान्यता. वेदनाशमन आणि परिहार सेवेचं (पॅलिएटिव्ह केअरचं), किंवा व्यसनमुक्तीतल्या पर्यायी औषधोपचाराचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर संस्थेत हवा. साठ्याची जबाबदारी एका नेमलेल्या डॉक्टरवर असते. पुढच्या वर्षाची गरज आधी कळवायची, रोजचा हिशेब ठेवायचा. उत्पादन शुल्क खात्याच्या पायऱ्या झिजवायची गरज उरलेली नाही. तरीही काही ठिकाणी ‘एक्साइजचं एनओसी आणा’ असं सांगितलं जातं. तेव्हा २०१५च्या नियमांची प्रत पुढे ठेवा आणि उत्तर लेखी मागा.

१३. दवाखान्यातून स्वतःच्या रुग्णाला औषध देणाऱ्या डॉक्टरला परवाना लागतो का?

शेड्यूल ‘के’मध्ये डॉक्टरांना सूट आहे. डॉक्टर स्वतःच्या रुग्णाला औषध देऊ शकतो, पण त्याने दुकान उघडायचं नाही आणि दुसऱ्याच्या चिठ्ठ्यांवर माल द्यायचा नाही. माल परवानाधारकाकडूनच, बिलाने घ्यायचा. दवाखान्याला जोडून मेडिकल असेल तर त्याला वेगळा परवाना हवा, मालकीण डॉक्टरांची बायको असली तरी.

पशुवैद्यांना केटामाइन लागतं. त्यांनाही ते २०-एफ किंवा २०-जी असलेल्याकडूनच घ्यावं लागतं. गोठ्यातल्या बैलासाठी आहे म्हणून शेड्यूल एक्स सैल होत नाही.

१४. आईला रोज झोपेची गोळी लागते. तीन महिन्यांच्या गोळ्या बरोबर नेल्या तर पोलीस पकडतील का?

स्वतःच्या उपचारासाठी एनडीपीएसमधल्या मनोव्यापारी औषधाच्या १००पर्यंत मात्रा (गोळ्या असतील तर १०० गोळ्या) एका वेळी जवळ ठेवता येतात. दीर्घकाळच्या उपचारासाठी डॉक्टरांनी तसं स्पष्ट लिहिलं असेल तर ३००पर्यंत. मूळ चिठ्ठी आणि बिल गोळ्यांसोबत ठेवा, कपाटात नको. गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या. आठवड्याच्या डबीत सुट्या केलेल्या गोळ्या कसल्या हे कुणालाच ओळखता येत नाही.

परदेशात हा नियम उपयोगाचा नाही. दुबई-शारजात मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांनी ट्रामाडॉल, कोडीन किंवा झोपेच्या गोळ्या नेण्याआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी घ्यावी.

१५. आमचा रसायनांचा कारखाना आहे, औषधांचा नाही. आम्हाला हे लागू आहे का?

अॅसेटिक अनहायड्राइड, अँथ्रानिलिक आम्ल, इफेड्रिन, स्यूडोइफेड्रिन यांसारखं काही हाताळत असाल तर नक्की. हेच कायद्यातले ‘नियंत्रित पदार्थ’. त्यांच्यासाठी २०१३चा स्वतंत्र आदेश आहे आणि नोंदणी राज्याकडे नाही, तर केंद्राच्या अंमली पदार्थ नियंत्रण विभागाच्या क्षेत्रीय संचालकांकडे करायची. आदेश मोडल्यास १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शेड रिकामी आहे म्हणून अनोळखी पार्टीला भाड्याने देणाऱ्यांनीही जपून राहावं. फेब्रुवारी २०२४मध्ये दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा प्रचंड साठा पकडला. मेफेड्रोन म्हणजे ज्याला ‘एमडी’ म्हणतात ते. २०१५पासून ते एनडीपीएसच्या यादीत आहे.

१६. भांग घातलेलं आयुर्वेदिक औषध बनवायला कुणाकडे जायचं?

एनडीपीएसच्या व्याख्येत गांजा आणि चरस आहेत, नुसती पानं नाहीत. त्यामुळे भांग राज्याच्या अखत्यारीत येते आणि महाराष्ट्रात ती दारूबंदी कायद्याखाली आहे. म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभागाची परवानगी आणि आयुर्वेदिक उत्पादनाचा फॉर्म २५-डी, दोन्ही हवेत. भांग, अफू, धोतरा, बचनाग ही द्रव्यं शेड्यूल ई-१मध्ये आहेत, म्हणून पोटात घ्यायच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना लागते.

१७. परवान्याची मुदत किती? भागीदार बदलला किंवा दुकान हलवलं तर?

ऑक्टोबर २०१७च्या दुरुस्तीनंतर नूतनीकरण गेलं. परवाना चालूच राहतो, फक्त दर ५ वर्षांनी तो राखण्याची फी भरायची. उशीर झाला तर महिन्याला २ टक्के विलंब शुल्क, तेही सहा महिन्यांपर्यंतच. त्यानंतर परवाना आपोआप रद्द समजला जातो, नोटीस यायची वाट पाहू नका.

मालकी किंवा भागीदारी बदलली की जुना परवाना जास्तीत जास्त ३ महिने चालतो, तेवढ्यात नवा घ्यायचा. वडील गेल्यावर दुकान मुलाने तसंच चालू ठेवलं, सगळे दिवस पार पडेपर्यंत कागदांकडे पाहिलंच नाही, अशी प्रकरणं नेहमी येतात. दुःख समजण्यासारखं आहे, पण तीन महिने त्या दिवसांतही मोजले जातात. परवाना जागेला बांधलेला असतो. शेजारच्या गाळ्यात गेलात तरी नवा लागतो.

१८. रजिस्टर आणि साठा यांत दहा-वीस गोळ्यांचा फरक आला. एवढ्यावरून तुरुंग?

चुकून राहिलेली नोंद आणि चोरटी विक्री यांत कायदा फरक करतो, पण तो फरक दाखवायचं काम तुमचं असतं. हिशेब न ठेवणाऱ्या परवानाधारकाला एनडीपीएसच्या कलम २६खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. परवान्याशिवाय विक्रीला १९४०च्या कायद्यात ३ ते ५ वर्षं आहेत.

त्यापुढचं गणित लोकांना माहीत नसतं. अल्प्राझोलामची ‘व्यावसायिक मात्रा’ (म्हणजे सगळ्यांत कडक शिक्षेसाठी कायद्याने ठरवलेलं वजन) १०० ग्रॅमच्या वर सुरू होते आणि तिथे शिक्षा किमान १० वर्षं आहे. अर्ध्या मिलिग्रॅमच्या हजार गोळ्यांत शुद्ध औषध जेमतेम अर्धा ग्रॅम. पण २०२०च्या हीरा सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने मिश्रणाचं सगळं वजन धरायचं असं सांगितलं. एक गोळी १२० मिलिग्रॅमची धरली तर हजार गोळ्या १२० ग्रॅम होतात. बिलाने आलेल्या आणि चिठ्ठीवर गेलेल्या हजार गोळ्या कुणाच्याच डोळ्यांत येत नाहीत. बिलाविना आलेल्या तितक्याच गोळ्यांना जामीन मिळणंही कठीण.

चोरी झाली किंवा साठा हरवला तर त्याच दिवशी पोलिसांना आणि एफडीएला लेखी कळवा, पोच घ्या. मुदत संपलेला माल वेगळा काढून रजिस्टरात तशी नोंद करा.

१९. ‘कारणे दाखवा’ नोटीस आली आहे. आता?

मुदतीत लेखी उत्तर द्या, रजिस्टर आणि बिलांच्या प्रती जोडा. परवाना निलंबित किंवा रद्द झाला तर आदेशापासून ३ महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. अपिलात स्थगिती मिळेपर्यंत शटर बंदच ठेवा, ‘फक्त पेस्ट आणि साबण विकतो’ म्हणून अर्धं उघडू नका. आणि लक्षात असू द्या, परवान्याचं अपील आणि पोलिसांनी एनडीपीएसखाली नोंदवलेला गुन्हा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. पहिल्यात दिलासा मिळाला म्हणून दुसरं संपत नाही. दुसऱ्यासाठी फौजदारी वकीलच गाठा.